पाण्याकाठची रीत

स्कूबाचा इतिहास सांगणारी पुस्तके बहुतेक यंत्रांची असतात. जाक कूस्तो आणि एमिल गान्यॉं यांनी १९४३ साली ‘अ‍ॅक्वालंग’ कसे जुळवले, टाकीतली हवा मागू तेवढीच तोंडात यावी म्हणून कोणती झडप लागली, पुढे माणूस किती खोल गेला, असा तो हिशेब असतो. त्यात एक गोष्ट सहसा सापडत नाही. एकमेकांना न ओळखणारी शे-दीडशे माणसे एकाच पुळणीवरून, एकाच लाटेतून, एकाच गढूळ पाण्यात उतरतात तेव्हा ती एकमेकांशी कशी वागतात, आणि ते वागणे त्यांना शिकवले कोणी? नोकरीच्या निमित्ताने मी सॅन डिएगोत अकरा वर्षे काढली आणि त्यातले बहुतेक शनिवार ला होया शोअर्स या एकाच किनाऱ्यावर गेले. तिथे जे पाहिले त्याचा धागा मागे मागे शोधत गेलो, त्यातून हे लिहितो आहे.

हा किनारा गजबजतो त्याला भूगोल कारण आहे. वाळू सपाट, उतार सौम्य, लाट पॅसिफिकच्या मानाने गरीब. काही शे मीटर पोहून गेले की समुद्राच्या तळाला दरी फुटते. बारा-पंधरा मीटर खोलीवर तिचा काठ लागतो आणि तिथून ती थेट खोल समुद्राकडे उतरत जाते. नवशिक्यांना वाळू, जाणत्यांना दरी. वर गाडी लावायला फुकट जागा, अंग धुवायला नळ. उत्तरेला लागूनच स्क्रिप्स ही समुद्रविज्ञानाची जुनी संस्था, १९०३ सालची. शनिवारी सकाळी सातला केलॉग पार्कच्या कडेला गाडी मिळणे कठीण. प्रत्येक गाडीच्या मागे दोन-चार माणसे काळ्या रबरी सुटात अर्धवट अडकून धडपडत असतात. आपल्याकडे पहाटे घाटावर जी लगबग असते तिचाच हा एक प्रकार. फरक इतकाच, की इथे प्रत्येकाच्या पाठीवर वीस-पंचवीस किलोंचे ओझे असते.

या किनाऱ्यावरची पहिली रीत एका टोळक्याने घातली. १९३३ साली, मंदीच्या ऐन दिवसांत, ग्लेन ऑर, जॅक प्रोदानोविच आणि बेन स्टोन या तिघांनी ‘बॉटम स्क्रॅचर्स’ नावाचा क्लब काढला. तळ खरवडणारे, असे त्याचे सरळ मराठी होईल. टाकी नव्हती, रबरी सूट नव्हता. चष्मे, भाले, पुढे पाण्यातले कॅमेरे हे सगळे घरी घडवलेले. प्रोदानोविच आणि नंतर आलेला वॉली पॉट्स हे दोघे त्यात वाकबगार. दम धरून खाली जायचे आणि हाती लागेल ते घरी न्यायचे. मंदीत त्याला छंद म्हणता येत नाही, ते जेवण होते. १९४९ च्या मे महिन्यात ‘नॅशनल जिओग्राफिक’ने त्यांच्यावर सचित्र लेख छापला आणि देशभर लोकांना कळले की कॅलिफोर्नियात माणसे मजेसाठी समुद्राच्या तळाशी जातात.

क्लबात शिरायला परीक्षा होती. एका दमात तळ गाठून तीन अबॅलोनी वर आणायचे. अबॅलोनी म्हणजे खडकाला घट्ट चिकटणारा, ताटलीएवढा होणारा एकशिंपी गोगलगायीचा प्रकार. त्याचे मांस तिथे मेजवानीचे. मग शेवंडी पकडायच्या. आणि शेवटी हॉर्न शार्क जातीची मुशी नुसत्या हातांनी, शेपटीला धरून वर काढायची. इतक्या वर्षांत हे जमवून आत आलेले सभासद विसाच्या वर गेले नाहीत. मला ही परीक्षा वाचताना आधी हसू आले, मग तिचा अर्थ दिसला. ज्याच्याबरोबर आपण पाण्यात उतरणार त्याचा दम आपल्याला ठाऊक असला पाहिजे, ही त्यांची मूळ गरज होती. ओळखीच्या वीस जणांत शिष्टाचाराला शब्द लागत नाहीत. कोणाचा भाला कुठे, कोणी कोणता खडक धरला, हे नजरेने कळते. घरच्या पंगतीत ‘सावकाश होऊ द्या’ म्हणायला कोणी पुस्तक वाचत नाही, तसेच.

पण घरची पंगत म्हटली की तिच्याबाहेर कोण बसले होते, हेही विचारावे लागते. कॅलिफोर्नियाच्या पाण्यात तळाशी जाणारे हे तरुण पहिले नव्हतेच. किनाऱ्याचे मूळ रहिवासी कुमेयाय. त्यांच्या भाषेतले ‘मॅटलाहुआय्ल’ हे नाव इथल्या राखीव सागरी क्षेत्राला २०१२ साली मिळाले, म्हणजे पुष्कळच उशिरा. एकोणिसाव्या शतकात सॅन डिएगोचे चिनी कोळी ओहोटीच्या खडकांवरून अबॅलोनी काढून वाळवत. चिनी लोकांविरुद्धच्या कायद्यांनी त्यांचा धंदा बसवला. मग १८९७ मध्ये जपानच्या चिबा भागातून गेन्नोसुके कोदानी आला आणि माँटेरेजवळ पॉइंट लोबोस इथे त्याने जपानी पाणबुडे आणून अबॅलोनीचा कारखाना उभा केला. त्या पाणबुड्यांची रीतभात कशी असेल, शिरस्त्राण घालून तळाशी गेलेला माणूस आणि वर होडीत त्याच्या हवेचा पंप चालवणारा माणूस यांच्यात दोरीच्या झटक्यांची काय भाषा असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. १९४२ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या कुटुंबांना उचलून छावण्यांत नेले आणि ती परंपरा तिथे मोडली. युद्ध संपल्यावर ज्या पाण्यात नवी हौशी मंडळी उतरली ते असे रिकामे करून मिळालेले पाणी होते.

पुळणींचीही तीच गोष्ट. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला मॅनहॅटन बीच इथे विला आणि चार्ल्स ब्रूस या कृष्णवर्णीय जोडप्याने १९१२ मध्ये जागा घेऊन आपल्या लोकांसाठी समुद्रस्नानाची सोय केली. गावाने १९२४ मध्ये बागेचे निमित्त काढून ती जागा सक्तीने घेण्याचे पाऊल उचलले. वारसांना ती परत मिळाली २०२२ मध्ये. महाडचे चवदार तळे आणि २० मार्च १९२७ ही तारीख ठाऊक असलेल्या माणसाला यात काही समजावून द्यावे लागत नाही. पाण्याकाठी रांग कशी लावायची हा प्रश्न फार पुढचा. रांगेत उभे कोणाला राहू देतात हा आधीचा. म्हणूनच १९५५ साली डॉटी फ्रेझर लॉस एंजेलिस काउंटीची स्कूबा प्रशिक्षक झाली, तिथली पहिली बाई, ही नोंद मला कुठल्याही खोलीच्या विक्रमापेक्षा मोठी वाटते.

आता १९५० कडे येऊ, कारण तिथे ओळखीची पंगत मोडली. अ‍ॅक्वालंग अमेरिकेत विकायला आले आणि कॉनरॅड लिंबॉ नावाच्या तरुण जीवशास्त्रज्ञाने ते स्क्रिप्समध्ये आणले. यंत्रामुळे दम लागेनासा झाला. पैसे मोजणारा कोणीही तळाशी जाऊ शकत होता, आणि जाऊन मरतही होता. दाबाखालची हवा छातीत धरून वर आलात तर फुप्फुस फाटते, हे दम धरून बुडी मारणाऱ्या जुन्या खेळाडूला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याची सगळी सवयच श्वास रोखण्याची. लिंबॉने स्क्रिप्समध्ये शिकवण्याची पद्धत बसवली. १९५४ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने अल टिलमन, बेव्ह मॉर्गन आणि रॅम्झी पार्क्स यांना त्याच्याकडे धाडले. पुढच्या वर्षी काउंटीने प्रशिक्षक घडवण्याचा वर्ग सुरू केला. क्रीडाखात्याच्या एका कारकुनी उपक्रमातून जगभरच्या स्कूबा-प्रमाणपत्रांची वंशावळ निघाली, याची मला अजून गंमत वाटते.

या वर्गांत जे शिकवले गेले त्यातला निम्मा भाग शरीरशास्त्र होता आणि निम्मा शिष्टाचार, फक्त त्याला तसे नाव नव्हते. एकट्याने उतरायचे नाही, जोडीदार हवा. पाण्यात शिरण्यापूर्वी जोडीदाराचे पट्टे, झडप, हवा आपण तपासायची आणि आपली त्याने. आणि सगळ्यात कठीण धडा एकाच नळीवर दोघांनी श्वास घेण्याचा. आज प्रत्येकाकडे जोडीदारासाठी वेगळी, पिवळ्या रंगाची जादा नळी असते. त्या काळी नसे. एकाची हवा संपली तर दुसऱ्याने दोन श्वास घ्यायचे, नळी तोंडातून काढायची आणि समोरच्याच्या हातात द्यायची. त्याने दोन श्वास घेऊन परत द्यायची. तो परत देईल हा भरवसा ठेवून. दहा मीटर पाण्याखाली, डोळ्यांत भीती असलेल्या माणसाला, आपल्या तोंडातली हवा काढून देणे. मला हे एका वयस्कर प्रशिक्षकाने तलावात करायला लावले होते, आता कोणी सक्ती करत नाही तरी. तिसऱ्या फेरीला समोरच्याने दोनाऐवजी तीन श्वास घेतले आणि माझ्या मनात त्याच्याविषयी जे आले ते छापण्याजोगे नाही. वर आल्यावर प्रशिक्षक एवढेच म्हणाला, “मोजायला शिकलात. आता द्यायला शिका.”

दुसरी रीत अंगठ्याची. पाण्याखाली उंचावलेला अंगठा म्हणजे ‘मस्त’ नव्हे. त्याचा अर्थ वर चला. आपल्याकडचे नवशिके हमखास इथे घोळ घालतात. मासा सुंदर दिसला म्हणून अंगठा दाखवतात आणि सगळा गट मुकाट वर निघतो. ठीक आहे म्हणायला तर्जनी आणि अंगठ्याचे वर्तुळ. पण मला सांगायचे आहे ते खुणेविषयी नाही, खुणेनंतरच्या शांततेविषयी आहे. कोणीही, कधीही, कारण न देता अंगठा दाखवू शकतो आणि बाकीच्यांनी निघायचे. वर आल्यावर ‘का?’ विचारायचे नाही, चिडवायचे तर नाहीच. सांगावेसे वाटले तर तो सांगेल. मुशीला शेपटीने धरणाऱ्यांच्या काळात ही रीत कशी रुजली असती, मला कल्पना करता येत नाही. कपाऱ्यांत आणि गुहांत जाणाऱ्यांनी ती आधी कडक पाळली, कारण तिथे भिडेखातर पुढे गेलेला माणूस परत येत नाही. आपल्याकडे भीड ही सभ्यतेची मोठी बहीण मानली जाते. ‘बरे दिसत नाही’ म्हणून आपण लग्नात चौथी पुरणपोळी खातो. पाण्याखाली भीड जीव घेते. म्हणून तिथल्या सभ्यतेचे पहिले काम भीड मोडण्याचे.

लाल कापडावर तिरका पांढरा पट्टा असलेले निशाण जगभर दिसते, खाली माणूस आहे, होडी जपून हाका, एवढे सांगणारे. ते समुद्रावर जन्मले नाही. मिशिगनच्या गोड्या सरोवरांत १९५६ च्या सुमारास डेंझेल डॉकरी या माजी नौसैनिकाने ते काढले आणि टेड निक्सन नावाच्या विक्रेत्याने साहित्याबरोबर गावोगाव पोहोचवले. त्या निशाणाचीही रीत आहे: पाण्याबाहेर आलात की उतरवा. वर नुसते फडकत राहिले तर होडीवाले त्याकडे पाहणे सोडून देतात आणि मग ते कोणाच्याच कामाचे राहत नाही.

ला होया शोअर्सवर आज लिहिलेले नियम थोडे आहेत. पोहणारे कुठे आणि लाटेवर फळी घेऊन जाणारे कुठे, हे चौकटीची निशाणे लावून जीवरक्षक ठरवतात. बाकीचे सगळे एकमेकांकडे पाहून. गाडीपाशीच सगळे चढवायचे, पाण्याच्या तोंडाशी बसून वाट अडवायची नाही. कमरेएवढ्या पाण्यात पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत न्यायचे. वाळूत पाकट लपलेले असते, त्याला निघून जायला वेळ मिळतो आणि आपल्या मागच्यालाही. लाटेतून बाहेर येणाऱ्याला आधी वाट द्यायची, कारण आत जाणारा ताजा असतो आणि बाहेर येणारा दमलेला. मुंबईच्या लोकलमध्ये ‘आधी उतरू द्या’ म्हणतात तेच, फक्त इथे न पाळल्यास टाकीसकट माणूस अंगावर येतो. आत गेल्यावर तळापासून वर राहायचे. नवशिक्यांचा एक वर्ग गुडघे टेकून बसला की गाळ उठतो आणि मागून येणाऱ्यांच्या वाट्याला ताकासारखे पाणी उरते. म्हणून वर्गवाले ठराविक पट्टा धरतात, बाकीचे वळसा घालतात. कोणी छायाचित्र काढत असेल तर त्याच्या आणि माशाच्या मधून जात नाहीत. परत आल्यावर नळाखाली आधी स्वतः, थोडक्यात, आणि मग साहित्य बाजूला नेऊन.

या सगळ्याची परीक्षा माकुलांच्या रात्री होते. एखाद्या हिवाळ्यात लाखोंच्या संख्येने माकूल दरीच्या तोंडाशी अंडी घालायला येतात. बातमी पसरते आणि मंगळवारच्या रात्री दहालाही गाडी लावायला जागा राहत नाही. खाली गेलो की पांढऱ्या बोटांसारख्या अंड्यांच्या पुंजक्यांनी वाळू झाकलेली, वर माकुलांची झुंबड, त्यांच्या मागे सील आणि मुशी, आणि चहूकडून दिव्यांचे झोत. दिव्याचा झोत हीच इथे बोली. जमिनीवर सावकाश गोल फिरवला तर ‘ठीक’. वेगाने आडवा हलवला तर ‘मदत’. कोणाच्या डोळ्यांत सरळ मारला तर शिवी. अशा एका रात्री मी पाहिले की पन्नासेक माणसांनी, कोणी कोणाला न सांगता, अंड्यांच्या मोठ्या पुंजक्याभोवती एक रिंगण मोकळे सोडले होते. एक नवखा पाय आपटत त्यात शिरला. त्याला कोणी ढकलले नाही. एका बाईने त्याच्या टाकीला मागून हात लावून त्याला अलगद एक मीटर वर उचलले आणि तिथेच सोडले, पतंग उचलून द्यावा तसे. त्याने खाली पाहिले, वर्तुळ केले. तिनेही केले.

लिंबॉचा उल्लेख पुरा करायचा राहिला. मार्च १९६० मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट मिऊ इथे समुद्रात उघडणाऱ्या एका भूमिगत नदीत तो शिरला आणि बाहेर यायची वाट चुकून मेला. ज्याच्या पद्धतीने हजारो जगले त्याचा शेवट असा झाला. त्याचा एक लेख पुढच्या वर्षी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये आला, माशांच्या सफाईविषयी. काही छोटे मासे आणि कोळंब्या मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी किडे, मेलेली कातडी खातात. त्यासाठी ठरलेल्या जागा असतात आणि मोठे मासे तिथे येऊन आपली पाळी येईपर्यंत थांबतात, तोंड उघडून, अंग सैल सोडून. कॅलिफोर्नियाच्या पाण्यात सेन्योरिता नावाचा सिगारसारखा पिवळट मासा हे काम करतो. बहामात लिंबॉने दोन खडकांवरून सफाई करणारे काढून टाकले. थोड्याच दिवसांत तिथले मासे कमी झाले आणि उरलेल्यांच्या अंगावर चट्टे दिसू लागले, असे त्याने नोंदवले. पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत निकाल दर वेळी इतका ठळक आला नाही. तरी रांगेत थांबणारा मासा मी स्वतः पाहिला आहे, आणि त्याच्याभोवती दाटी करणाऱ्या आम्हा माणसांमुळे तो पाळी सोडून निघून गेलेलाही पाहिला आहे.

तळ खरवडणाऱ्यांच्या परीक्षेत आज कोणी बसूच शकणार नाही. १९७० मध्ये शहराने ला होयाचे पाणी सागरी उद्यान केले. अबॅलोनी मात्र त्या कुंपणात मावणारे नव्हते. बाजारासाठी उपसा, हौशी डायव्हरांचा हात आणि पुढे सुकवून मारणारा एक रोग यांनी मिळून ते संपत आणले. १९९७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला ते काढणे सर्वांनाच बंद झाले. पांढऱ्या अबॅलोनीचे नाव २००१ साली अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेले, समुद्रातल्या अपृष्ठवंशी प्राण्यांत पहिले. एकमेकांशी इतक्या अदबीने वागणाऱ्यांनीच खडक रिकामे केले, हे विसरून हा इतिहास लिहिता येत नाही. जोडीदाराची हवा मोजली, पिशवीतले शिंपले मोजले नाहीत.

आपल्याकडे ही गर्दी आता आली आहे. मालवण-तारकर्लीचा प्रकार वेगळा. तिथे होडीतून जायचे, आणि रीत असते ती होड्याहोड्यांमधली. पण अंदमानात स्वराज द्वीपावर, ज्याला अजून सगळे हॅवलॉकच म्हणतात, ‘नेमो रीफ’ नावाची जागा किनाऱ्यावरून चालत शिरण्याची आहे. भरतीच्या वेळी तिथे एकाच वेळी कितीतरी पर्यटक आयुष्यातली पहिली बुडी मारत असतात. प्रत्येकाच्या टाकीला मागून धरून एकेक प्रशिक्षक. त्यांच्यात तमिळ, बंगाली, कारेन, मराठी, सगळे. पाहुण्याला श्वास घेण्यापलीकडे काही करू देत नाहीत. समोरून दुसरी जोडी आली की दोन्ही प्रशिक्षक आपापले पाहुणे उजवीकडे वळवतात आणि प्रवाळावर कोणाचा पाय पडू नये म्हणून त्यांचे गुडघे मागून हाताने वर उचलून धरतात. हे मी तिथे एका सकाळी तास-दीड तास पाण्यावर तरंगत पाहत होतो. त्यांना हे कोणत्या पुस्तकात दिले होते, असे एकाला विचारले. तो कोल्हापूरकडचा निघाला. म्हणाला, “पुस्तकात नाही ओ. रोज तेच तोंड बघायचंय ना एकमेकांचं.”

पांढऱ्या अबॅलोनीची पिल्ले प्रयोगशाळेत वाढवून २०१९ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या समुद्रात पहिल्यांदा सोडली गेली. ती खाली नेऊन ठेवण्याचे काम डायव्हरांनीच केले. इतर जातींचे अबॅलोनीही अधूनमधून खडकाच्या सांदीत दिसतात, आणि त्यावरून केलॉग पार्कच्या नळांपाशी अलीकडे एक नवीन रीत पडली आहे. कोणी एखादा वर येतो, सूट अर्धा उतरवतो आणि न बोलता दोन्ही तळवे जवळ आणून शिंपल्याचा आकार दाखवतो. आजूबाजूचे मान हलवतात. कुठे दिसला, हे कोणी विचारत नाही.